उरलेल्या जागेत बसवलेली चाल: ‘ग्रेझिंग इन द ग्रास’, १९६८ (प्रकरण अभ्यास)

मी ट्रंपेट शिकवतो. शिकायला येणारी निम्मी मुलं बँडवाल्यांच्या घरची आहेत. वडील, काका लग्नाच्या वराती वाजवतात, त्यामुळे मुलांच्या फुंकेत दम असतो आणि कानात ठेका आधीच बसलेला असतो. सूर धरायला थोडे आळस करतात, पण तो भाग वेगळा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी त्यांना ‘ग्रेझिंग इन द ग्रास’ ऐकवतो आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, “सर, अशी चाल सुचते कशी?”

उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे. ही चाल एका माणसाला एका रात्री सुचली, असं झालेलं नाही. काही माणसांनी घाईत, नड म्हणून काही निर्णय घेतले. त्यातले काही फार चांगले ठरले. एक माझ्या मते चुकला.

ओळख करून देतो. वाजवणारा ह्यू मासेकेला, दक्षिण आफ्रिकेचा ट्रंपेटवादक. लांबी अडीच मिनिटांहून थोडी जास्त, शब्द एकही नाही. २० जुलै १९६८ च्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि २ आठवडे तिथेच राहिली.

पार्श्वभूमी

मासेकेलाचा जन्म ४ एप्रिल १९३९ चा, विटबँक या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या क्वागुका वस्तीत. लहानपणी तो आजीकडे वाढला. आजी खाणकामगारांसाठी घरगुती गुत्ता चालवायची. दूरदूरच्या मुलखातून आलेले खाणकामगार, दिवसभर जमिनीखाली, संध्याकाळी दारू आणि गाणी. पुढे मासेकेलाच्या वादनात जी गर्दी ऐकू येते, तिचं मूळ या घरात आहे असं मला वाटतं.

शाळा जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिलमधली सेंट पीटर्स. तिथले पाद्री ट्रेव्हर हडलस्टन इंग्रज होते आणि वर्णभेदाचे कडवे विरोधक. मुलगा व्रात्य होता. एकदा फादरनी विचारलं, तुला नक्की हवं तरी काय? त्याने एका ट्रंपेटवादकावरचा सिनेमा नुकताच पाहिला होता. म्हणाला, एक ट्रंपेट मिळालं तर मी कुणालाही त्रास देणार नाही. फादरनी ट्रंपेट आणलं. शिकवायला अंकल सौदा नावाने ओळखले जाणारे गृहस्थ आले. ते जोहान्सबर्ग महापालिकेच्या ‘नेटिव्ह’ ब्रास बँडचे प्रमुख होते.

इथे मी वर्गात मुद्दाम थांबतो. पुढे अमेरिकेच्या यादीत पहिला आलेला हा माणूस वाद्य धरायला शिकला तो बँडमास्तरकडे. ब्रास बँडमध्ये वाजवणं म्हणजे खालच्या दर्जाचं, असं या मुलांना कितीदा तरी ऐकवलेलं असतं. त्यांना हे कळायला हवं.

या शाळेतल्या मुलांचा हडलस्टन जॅझ बँड झाला. पुढे फादरना दक्षिण आफ्रिकेतून परत बोलावून घेतलं गेलं. अमेरिकेत त्यांची जॅझचा बडा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्याशी गाठ पडली आणि आर्मस्ट्राँगने या पोरांसाठी स्वतःचं एक ट्रंपेट पाठवून दिलं. ते हातात घेतलेल्या मासेकेलाचा हवेत उडी मारतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. १९५९ मध्ये तो डॉलर ब्रँड (पुढचे अब्दुल्ला इब्राहिम), किपी मोएकेत्सी, जोनास ग्वांग्वा यांच्याबरोबर ‘जॅझ एपिसल्स’ या बँडमध्ये होता. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी गोळीबार करून ६९ माणसं मारली. त्याच वर्षी मासेकेलाने देश सोडला. परत जायला त्याला ३० वर्षं लागली.

आधी लंडन, मग न्यूयॉर्कचं मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक. अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटेने मदतीचा हात दिला. मासेकेलाला व्हायचं होतं अमेरिकी धर्तीचा जॅझ ट्रंपेटर. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिससारख्या बड्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं की इथे तसे शेकड्यांनी आहेत. तुझ्या देशाचं त्यात काही घाल, तर लोक तुझ्याकडे वळतील. हा सल्ला पचायला त्याला काही वर्षं गेली. संगीतशाळेतच त्याला स्टुअर्ट लेव्हीन भेटला. पुढे लेव्हीन त्याचा निर्माता झाला, दोघांनी ‘चिसा’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि त्यांच्या रेकॉर्ड युनि रेकॉर्ड्सतर्फे बाजारात यायला लागल्या.

१९६७ पर्यंत नाव बऱ्यापैकी झालं होतं. जूनमध्ये तो माँटेरे पॉप महोत्सवात वाजवून आला. बर्ड्स या रॉक बँडच्या एका गाजलेल्या गाण्यात त्याचं ट्रंपेट होतं. ‘अप, अप अँड अवे’ या त्या काळच्या लोकप्रिय गाण्याची त्याने वाजवलेली आवृत्ती यादीत आली, पण खालच्या क्रमांकांवर. थोडक्यात, मान होता, बोलावणी होती, मोठं यश नव्हतं.

अडचण

१९६८ साली ‘द प्रॉमिस ऑफ अ फ्यूचर’ हा अल्बम तयार होत आला होता. त्यात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचं ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ होतं, इंग्लिश बँड ट्रॅफिकचं एक गाणं होतं आणि ‘वूका’, ‘बाजाबुला बोंके’ सारख्या मायदेशाकडून आलेल्या चालीही होत्या. दोन्ही पायऱ्यांवर एकेक पाय.

अल्बम लांबीला कमी पडत होता. आणखी एक गाणं हवं होतं. त्यासाठी कुणी वेगळा वेळ काढणार नव्हतं, की नवी तालीम ठेवणार नव्हतं. स्टुडिओतल्या चालू कामातच ते उरकायचं होतं.

हे छोटं वाटेल, पण रेकॉर्डिंग केलेल्या कुणालाही ही जागा ओळखीची आहे. चांगलं सगळं वाजवून झालेलं असतं, ओठ सुजलेले असतात, माउथपीस टेकवला की चुरचुरतं, आणि तेवढ्यात काचेपलीकडून निरोप येतो की अजून एक पाहिजे.

समोर असलेले रस्ते

मासेकेला आणि लेव्हीन यांनी कागद पुढे घेऊन पर्याय मांडले असतील, असं मी म्हणत नाही. पण त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला जे रस्ते दिसतात, ते मोजकेच असतात.

सर्वांत सोपा रस्ता म्हणजे रेडिओवर चालू असलेलं आणखी एखादं गाणं ट्रंपेटवर उचलायचं. वादकांना चाल माहीत असते, ऐकणाऱ्यालाही. पण तो प्रयोग आधी करून झाला होता आणि त्याला फळ बेताचंच आलं होतं. शिवाय अल्बममध्ये अशी गाणी होतीच.

दुसरा रस्ता, साध्या स्वरसाच्यावर लांब सोलो वाजवून वेळ भरायचा. जॅझवाल्यांचा हा हातखंडा. मासेकेलाला ते डाव्या हाताने जमलं असतं. तसं झालं असतं तर आज ते कुणाच्या लक्षातही नसतं.

तिसरा रस्ता जुन्या आठवणीतून आला. झांबियातून घेतलेली एक रेकॉर्ड मासेकेलाकडे होती, ‘मिस्टर बुल नंबर ४’. गमतीची, हलकीफुलकी, मागे काऊबेलचा, म्हणजे घंटेचा, ठेका. गंभीर वादकाने आपल्या अल्बमसाठी असल्या रेकॉर्डकडे वळावं, असं तिच्यात वरवर पाहता काही नव्हतं. पण ठेका डोक्यातून गेलेला नव्हता.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे आहे. नड पडली तेव्हा मासेकेलाने आपल्या विद्येच्या पोतडीत हात घातला नाही, कानाला चिकटून राहिलेल्या गोष्टीला हात घातला. माइल्स डेव्हिसचा सल्ला त्याने गंभीर चालींमध्ये पाळायचा प्रयत्न केला होता. तो खऱ्या अर्थाने पाळला गेला तो एका गमतीच्या रेकॉर्डच्या निमित्ताने, घाईत.

प्रत्यक्ष काय केलं

हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत साथीदार ठेका बसवायला लागले. बासवर हेन्री फ्रँकलिन, गिटारवर ब्रूस लँगहॉर्न. ठेका आहे, बास फिरतोय, पण ट्रंपेटला वाजवायला चाल नाही, अशी स्थिती.

त्या दिवशी स्टुडिओत फिलेमॉन हाऊ होता. तोही दक्षिण आफ्रिकेचा, गायक आणि नट. साथ वाजत असताना त्याने वरून बसेल अशी चाल काढली. मासेकेलाने ती उचलली. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, असं नंतर सांगितलं जायचं.

चाल कशी आहे ते जवळून सांगतो, कारण यश तिथेच दडलेलं आहे. ट्रंपेट एक छोटा तुकडा म्हणतं आणि गप्प बसतं. घंटा आणि बास ती मोकळी जागा भरतात. मग तुकडा पुन्हा, किंचित बदलून. फार वरचा सूर लावून कुठेही शौर्य दाखवलेलं नाही. श्वास घ्यायला जागा मुबलक. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला स्वर सापडतात, पण त्या मधल्या जागा तशाच मोकळ्या सोडायला त्याला पाचवं वर्ष उजाडतं. मुलं त्या जागेत हमखास काहीतरी घुसडतात. मासेकेलाचं कसब त्या न वाजवलेल्या मात्रांमध्ये आहे. ट्रंपेट थोडं रडवेलं, कडांना खडबडीत, माणसाने गावं तसं. बेताने ताणलेले सूर, घसरत खाली येणारे शेवट.

दुसरा निर्णय: चाल हाऊची मानली गेली. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून फिलेमॉन हाऊ हे नाव आलं, मासेकेलाचं नाही. स्टुडिओत चहा प्यायला आलेल्या मित्राने गुणगुणलेली ओळ मुख्य कलाकाराच्या नावावर जमा होणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट. तसं इथे झालं नाही. मी या माणसाला मानतो ते ट्रंपेटसाठी, आणि तितकंच या एका गोष्टीसाठी.

तिसरा निर्णय शब्दांचा. हाऊ स्वतः गायक, मासेकेलाही गायचा. त्या काळी शब्दांचं गाणं विकायला सोपं. तरी चाल बिनशब्दांची ठेवली. मासेकेलाचं गाणं पुढे आफ्रिकेत ट्रंपेटइतकंच लाडकं झालं, त्यामुळे हा मोह नक्कीच असणार. शब्द नाहीत म्हणून ही चाल कुणाच्याही घरात शिरली, असं मला वाटतं. शीर्षकातल्या ‘ग्रास’ चा अमेरिकी बोलीतला अर्थ गांजा. तरुणांनी तो अर्थ घेतला. बाकीच्यांना गवत दिसलं, कुरण दिसलं. घंटा तर गाईच्या गळ्यातलीच.

निकाल

१९६८ चा तो उन्हाळा अमेरिकेसाठी भयानक होता. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. मासेकेलाचा तो २९ वा वाढदिवस. जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यांमध्ये ही बिनशब्दांची, उन्हात पाय पसरून बसल्यासारखी चाल यादीत वर सरकत होती. लोकांना तिच्यात काय मिळालं, हे त्या बातम्यांशेजारी ठेवून ऐकलं की लक्षात येतं.

पहिल्या क्रमांकावरून तिने कुणाला उतरवलं? हर्ब अल्पर्टला, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत खपणाऱ्या ट्रंपेटवाल्याला. गंमत म्हणजे अल्पर्ट ज्या गाण्याने वर बसला होता, त्यात तो स्वतः गायला होता. गायलेलं गाणं खाली आलं आणि नुसतं वाजवलेलं वर गेलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीतही ते पहिलं आलं. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पुढच्या वर्षी फ्रेंड्स ऑफ डिस्टिंक्शन या गटातल्या हॅरी एल्स्टनने त्याच चालीला शब्द लिहिले आणि ते गाणं यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. चाल इतकी पक्की होती की शब्द चढवले तरी वाकली नाही.

मग चौथा निर्णय आला, यशानंतरचा. कंपनीला काय हवं असतं ते सांगायला नको. मासेकेलाने पुढे ‘मासेकेला’ नावाचा अल्बम काढला. तो राजकीय होता. ‘मेस अँड ग्रेनेड्स’, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचा नेता ह्युई न्यूटन याच्यासाठी एक ब्लूज, सोन्याच्या खाणींची आठवण करून देणारं ‘गोल्ड’. ज्यांनी आदल्या वर्षी घंटेवर मान डोलावली होती, ते या अल्बमकडे फिरकले नाहीत. त्यातली ‘रायट’ ही चाल १९६९ मध्ये पहिल्या शंभरात आली, पण वर गेली नाही. एवढ्या उंचीवर मासेकेला अमेरिकेच्या यादीत परत कधी पोचला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

या अल्बमबद्दल पुष्कळ जण म्हणतात, की हातातली संधी घालवली. मला तसं वाटत नाही. शार्पव्हिल मागे टाकून आलेल्या माणसाने, घरी जायची वाट बंद असताना, मुलुख पेटलेला असताना कुरणातल्या चालींची दुसरी आणि तिसरी आवृत्ती काढायला हवी होती, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू? वेगळं करता आलं असतं ते मांडणीत. नव्या ऐकणाऱ्याला हाताला धरून आत नेणारी एखादी हलकी चाल त्या अल्बमच्या दाराशी ठेवता आली असती. मासेकेलाने पुढे हे केलं. १९७४ च्या ‘स्टिमेला’ मध्ये तो तोंडाने कोळशाच्या गाडीची शिट्टी आणि वाफ काढतो, ऐकणारा खूश होऊन गाडीत बसतो आणि मग त्याला कळतं की ही गाडी खेड्यापाड्यांतल्या माणसांना खाणीत नेते आहे. १९६९ मध्ये ही वाट सापडलेली नव्हती.

माझी खरी तक्रार दुसरी आहे, ती घंटेबद्दल.

हाऊला चालीचं श्रेय मिळालं, उत्तम झालं. पण ज्या रेकॉर्डच्या ठेक्यावरून हे सगळं सुरू झालं, ती वाजवणाऱ्यांचं नाव रचनाकारांत नाही. कायद्याच्या नजरेने ठेका कुणाच्या मालकीचा नसतो, सूर असतो, शब्द असतात. हा नियम मला लहानपणापासून खटकतो. आफ्रिकेच्या संगीतात, आणि आपल्याही, निम्मी गोष्ट ठेक्यातच सांगितलेली असते. ढोलीवाला, ताशेवाला, हलगीवाला यांनी जन्मभर घडवलेली गोष्ट ‘साथ’ या एका शब्दात संपवायची, आणि वरची चार स्वरांची ओळ मात्र ‘रचना’? मासेकेलाने ‘मिस्टर बुल’ चं नाव कधी लपवलं नाही, मुलाखतींत सांगितलं, म्हणून तर आपल्याला कळलं. पण बोलण्यात सांगणं वेगळं आणि रेकॉर्डच्या पाकिटावर छापणं वेगळं. पाकिटावर एक ओळ छापायला काही खर्च येत नव्हता.

आपल्याकडची हकिगत याहून बरी नाही. सी. रामचंद्रांच्या चालींमागे आल्दोण्याच्या चिक चॉकलेट यांचं ट्रंपेट होतं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोव्याच्या मंडळींनी मुंबईच्या सिनेसंगीताची वाद्यरचना उभी केली. किती घरांत ती गाणी रोज वाजली आणि किती घरांत ही नावं उच्चारली गेली? म्हणून हाऊचं नाव रेकॉर्डवर दिसतं तेव्हा मला बरं वाटतं, आणि घंटेवाल्याचं दिसत नाही तेव्हा जास्तच टोचतं.

आणखी एक छोटी गोष्ट. अर्ध्या तासात झालं, हे वाक्य मुलांना फार आवडतं. ते ऐकून त्यांना वाटतं की आपणही एका दुपारी असं काही करू. मी त्यांना हिशोब घालायला लावतो. अंकल सौदांकडे ट्रंपेट धरल्यापासून त्या दुपारपर्यंत साधारण १४ वर्षं. त्यात महापालिकेच्या बँडमास्तरची शिस्त, शाळेचा बँड, जोहान्सबर्गच्या रात्री, न्यूयॉर्कचं संगीतविद्यालय. हाऊने गुणगुणलेली ओळ ऐकताक्षणी तिच्या मधल्या जागा मोकळ्या ठेवायच्या, हे त्या १४ वर्षांनी शिकवलेलं होतं.

मासेकेला १९९० मध्ये मायदेशी परतला. शेवटपर्यंत वाजवत राहिला आणि २३ जानेवारी २०१८ ला जोहान्सबर्गमध्ये गेला. २००४ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नाव त्याने ‘स्टिल ग्रेझिंग’ ठेवलं होतं.

माझ्या वर्गात ही चाल बसवताना पहिली १५ मिनिटं ट्रंपेटला हात लावायचा नाही, असा नियम आहे. एकाकडे स्टीलचा डबा आणि काठी देतो, बाकीचे टाळ्या धरतात. ठेका न हलता चालला की मगच माउथपीस. मागच्या महिन्यात डबा वाजवणाऱ्या पोराने मध्येच थांबून विचारलं, “सर, हे मी वाजवतोय ते कुणाचं?” झांबियातून आणलेल्या रेकॉर्डचं नाव मी फळ्यावर लिहिलं, हाऊच्या नावाच्या वर. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि काठी परत उचलली.